जुनी फायबर होडी घेताय? आधी मागची फळी बघा, मग मशीनचं बोला

मे संपत आला की किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात आणि त्याच सुमाराला आमच्याकडे मेसेज यायला लागतात की एक जुनी होडी मिळतेय, घेऊ का. या वेळी इतके आले की अख्खं सदर त्यालाच दिलंय. मी सिंधुदुर्गात पंचवीसेक वर्षं फायबरच्या होड्या दुरुस्त करतोय, त्याआधी जाळ्यावर होतो, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते हाताखालून गेलेलं आहे. पत्रं थोडी कमी करून छापलीत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न (देवगडहून एक तरुण वाचक): माझं वय २८, बाबा रापणीवर होते. मला स्वतःची होडी करायचीय. २२ फुटी फायबर होडी बघितलीय, ९ वर्षं जुनी, मालक म्हणतो सोबत ४० हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक मशीन पण देतो. मित्र म्हणतात ४० सोडू नकोस, सगळ्यांच्या आधी बंदरात येशील. मी बांगड्याची आणि सौंदाळ्याची जाळी मारणार, सीझनला सुरमईसाठी गरी. दोघं जण, आठ ते दहा मैल बाहेर. काय करू?

उत्तर: भावा, पहिलं सांगतो, ते ४० चं मशीन मनातून काढ. तुला नाउमेद करायला सांगत नाही, हिशोब करून सांगतो, तू पण कागद पेन घेऊन बस.

तुझी होडी रिकामी साडेचारशे किलो धरू. तुम्ही दोघं, पेट्रोलचे कॅन, मशीन, नांगर, दोरखंड, बर्फ, भिजलेलं जाळं आणि बरा दिवस असला तर तीनशे किलो बांगडा, सगळं मिळून सव्वा टनाच्या आसपास जातं. आता होडी पाण्यात दोनच प्रकारे चालते. एक म्हणजे पाणी कापत, पाण्यात बसून. दुसरी म्हणजे पाण्यावर उचलून, स्पीडबोटीसारखी. पाणी कापत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर बांधलेला असतो, लांबी फुटात घे, तिचं वर्गमूळ काढ आणि १.३४ ने गुण. तुझी २२ फुटी होडी पाण्यात २० फूट बसत असेल तर उत्तर येतं ६ नॉट, म्हणजे तासाला ११ किलोमीटर. त्याच्या वर न्यायची म्हटली की होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागते, नाळ वर, मागचा भाग खाली, मागे डोंगरासारखी लाट, आणि पेट्रोल धो धो. त्या चढाच्या पलीकडे जाऊन पाण्यावर उचलायची असेल तर वीस पंचवीस किलोमागे एक हॉर्सपॉवर तरी लागते. सव्वा टनाला पन्नास साठ झाले ना? म्हणजे ४० चं मशीन तुझी भरलेली होडी उचलणारच नाही. रिकामी जाताना उडेल, मजा येईल, आणि येताना मासळी घेऊन त्या चढावरच अडकून राहील, तिथेच सगळ्यात जास्त पेट्रोल जातं.

पाणी कापत जायला किती लागतं? एका टनामागे ५ हॉर्सपॉवर म्हणजे भरपूर. तुला सहा सात पुरते, उलटा वारा आणि खाडीच्या तोंडावरची ओढ धरून ९.९ घे, फार तर १५. बऱ्याच कंपन्यांची ९.९ आणि १५ ची टू स्ट्रोक मशीनं एकाच ब्लॉकवर असतात, वजन जवळपास सारखंच, म्हणून जुन्यात चांगलं १५ मिळालं तर घे आणि दाबून चालवू नको.

पेट्रोलचा हिशोब पण सांगतो. टू स्ट्रोक मशीन पूर्ण थ्रॉटलला एका हॉर्सपॉवरमागे तासाला अर्धा लिटर पितं असं धरायचं. ९.९ थोडं सैल सोडून चालवलंस तर तासाला साडेतीन लिटर. दहा सागरी मैल जायचं, दहा यायचं, साडेपाच नॉटने पावणेचार तास, म्हणजे तेरा लिटर. ४० चं मशीन पूर्ण दाबलं तर तासाला वीस लिटर, दोन तासांत जाऊन आलास तरी चाळीस लिटर. रोजचा २७ लिटरचा फरक, पेट्रोल शंभराच्या वर आहे, महिन्यात वीस दिवस गेलास तर पन्नास हजारांच्या वर फक्त पुढे पोचण्यासाठी. आधी पोचलास तर लिलावात भाव बरा मिळतो हे खरं आहे, मी नाकारत नाही, पण त्यासाठी पहाटे दीड तास आधी जाळं ओढायला घे, त्याला पेट्रोल लागत नाही.

आता होडी. मी शीर्षकात लिहिलंय तेच, आधी ट्रान्सम बघ, म्हणजे मागची फळी जिला मशीन लटकतं. वरून फायबर दिसतं पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, आणि मशीनच्या बोल्टची भोकं नीट सील केलेली नसली की त्यातून पाणी आत जाऊन प्लाय कुजतो, बाहेरून रंग एकदम चकाचक. हातोडीच्या लाकडी दांड्याने पूर्ण फळीवर टकटक करत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. मग मशीन वर तिरकं करून त्याच्या पायावर हाताने जोर दे, वर खाली हलव, दुसऱ्या माणसाला फळीकडे बघायला सांग. फळी लवत असेल, कोपऱ्यात केसासारख्या चिरा उघडत मिटत असतील तर ती फळी गेली. आणि ज्या होडीवर ९ वर्षं ४० चं मशीन लटकत होतं, सत्तर किलोच्या वरचं वजन आणि एवढा धक्का, तिथे तर हे दोनदा बघ. ट्रान्सम बदलता येतो, आम्ही करतो, पण आतली कातडी कापून जुना प्लाय खरवडून काढायचा, नवा मरीन प्लाय रेझिनमध्ये बसवायचा, वरून मॅट आणि रोव्हिंगचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे थर, हे आठवड्याचं काम आहे. तो खर्च होडीच्या किमतीतून कापून घे. मालक "वरून एक मॅट मारली की झालं" म्हणेल, ऐकू नको, कुजलेल्यावर मॅट मारली तर आतलं पाणी आतच राहतं.

त्यानंतर खाली वाक. आपल्याकडे होड्या रोज वाळूवरून ओढल्या जातात त्यामुळे पाठाणाखालचं, म्हणजे तळाच्या कण्याखालचं जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) घासून निघतं, मग मॅटचे तंतू दिसायला लागतात आणि ते तंतू वातीसारखं पाणी वर खेचतात. तंतू दिसत असतील तर तिथे सुकवून नवीन थर लागणार. तळाला फोड आलेत का बघ, एखादा खिळ्याने फोडून बघायची परवानगी माग, आतून आंबट वासाचं पाणी आलं तर पाणी थरांत शिरलंय. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा एखाद्या बिंदूभोवती असतील तर तिथे होडी आपटलीय, आतल्या बाजूने त्याच जागी बघ, आतही चीर असली तर ती आरपार आहे. नुसत्या जेलकोटच्या चिरांना घाबरू नको, नऊ वर्षांच्या होडीला त्या असणारच. आणि बाकावर उभा राहून उड्या मार, लाज वाटू देऊ नको, पैसे तुझे आहेत. बाक आणि आतले आडवे उभे पट्टे होडीच्या कातडीपासून सुटले असतील तर करकर आवाज येतो.

पावसाळ्यात बघायला गेलास तर एक फायदा आहे. एखाद्या आठवड्यासाठी झाप बाजूला करायला सांग, आत वितभर पावसाचं पाणी साठू दे आणि मग बाहेरून तळ पुसून कोरडा करून बघ कुठे घाम येतो. आतलं पाणी बाहेर येतंय म्हणजे समुद्र आत येणार. काठोकाठ मात्र भरू देऊ नको, वाळूवर टेकलेली होडी एवढं वजन पेलायला बांधलेली नसते, ओंडक्याच्या जागी तळ दबतो.

प्रश्न (श्रीवर्धन तालुक्यातून एक भगिनी): मिस्टर मासेमारी करतात, मी मासळी विकते. आतापर्यंत दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने जायचे. आता बचत गटाचं कर्ज आणि माझं थोडं सोनं मोडून होडी घेतोय. होडीवाला ओळखीचा आहे, म्हणतो पेपर नंतर करू, आधी पैसे द्या. चालेल का?

उत्तर: नाही ताई, चालणार नाही. ओळख आहे म्हणूनच आधी पेपर करा, म्हणजे ओळख पण राहील.

होडीचा नोंदणी नंबर नाळेच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला असतो, आयएनडी एमएच ने सुरू होणारा. तो नंबर, नोंदणीच्या कागदावरचा नंबर, मालकाचं नाव आणि त्याच्या आधारवरचं नाव हे चारही शेजारी ठेवून बघा. मग टेप घेऊन होडीची लांबी रुंदी मोजा आणि कागदाशी जुळवा. मी असं प्रकरण बघितलंय की जुनी फुटलेली होडी मोडीत काढली आणि तिचा नंबर दुसऱ्याच होडीवर रंगवला, घेणाऱ्याला दोन वर्षांनी कळलं जेव्हा तपासणीला टेप लावली. मशीनचा नंबर पण कागदावर असेल तर तो प्रत्यक्ष मशीनच्या क्लॅम्पवरच्या पट्टीशी जुळला पाहिजे. पट्टी खरवडलेली असेल तर ते मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा. नोंदणी आता केंद्राच्या रिअलक्राफ्ट या ऑनलाइन पोर्टलवरून होते, परवाना राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी देतो. २०२१ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दंड खूपच वाढले, त्यामुळे परवान्याशिवाय बाहेर पडणं आता परवडण्यासारखं नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी मासेमारीची बोट पळवून तिच्यातून आले होते, तेव्हापासून समुद्रात कागद बघितले जातात आणि बघायलाच पाहिजेत. खलाशांची ओळखपत्रं पण सोबत लागतात.

ज्या मच्छीमार सोसायटीचा तो सभासद आहे तिथे स्वतः जा, दोन गोष्टी विचारा, होडीवर कर्ज किंवा बाकी आहे का आणि ना हरकत दाखला मिळेल का. दंडाची बाकी आहे का ते परवाना कार्यालयात विचारा. मग स्टॅम्पपेपरवर खरेदीखत, नोटरी, त्यात होडीचा नंबर, मशीनचा नंबर, किंमत, तारीख. थोडी रक्कम टोकन म्हणून बँकेतून द्या आणि एक हिस्सा नाव ट्रान्सफर होईपर्यंत हातात ठेवा. रोख देऊ नका.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण मी सांगतो. सोनं तुमचं, कर्ज तुमच्या गटाचं, मग होडीच्या कागदावर तुमचंही नाव पाहिजे. दोघांच्या नावावर करायला काय लागतं ते परवाना कार्यालयातच विचारून घ्या. मिस्टरांना हे पटवायला अवघड जाणार नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

प्रश्न (रत्नागिरीजवळून): नुसतं मशीन घ्यायचंय, होडी आहे. १५ चं टू स्ट्रोक सेकंडहँड. मेकॅनिक न नेता मला काय काय कळू शकतं?

उत्तर: बरंच कळू शकतं, आणि मेकॅनिक नेलात तरी हे स्वतः करा.

गेल्या गेल्या गप्पा मारायच्या आधी कव्हर काढून सिलिंडरवर हात ठेवा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड मशीन सहज चालू होत नाही. थंड मशीन तीन चार ओढींत चालू झालं पाहिजे. दोरी ओढताना हाताला दाब जाणवला पाहिजे, दोन सिलिंडरचं असेल तर दोन्ही वेळा सारखा. एक ओढ घट्ट, एक ढिली लागली तर एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय. कॉम्प्रेशन गेज मिळाला तर दोन्ही प्लग काढून दोन्ही सिलिंडर मोजा, आकडा किती आहे यापेक्षा दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको हे महत्त्वाचं.

काढलेले प्लग फेकू नका, बघा. चॉकलेटी रंग म्हणजे ठीक. एकदम पांढरा म्हणजे मशीन गरम चालतंय किंवा मिश्रणात इंधन कमी पडतंय. राखाडी चमकते कण चिकटले असतील तर पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळायला लागलंय, ते मशीन तिथेच ठेवा. गंज असेल तर पाणी आत गेलंय. फ्लायव्हीलच्या, म्हणजे मशीनच्या वरच्या जड चाकाच्या खाली टॉर्च मारून बघा, तिथे पांढरी मिठाची पूड आणि वायरच्या टोकांना हिरवट बुरशी असेल तर मशीन कधीतरी समुद्रात बुडालेलं आहे, मालक काहीही सांगो. बुडालेलं मशीन लगेच गोड्या पाण्याने धुऊन ऑइल मारून चालवलं असेल तर वाचतं, पण चार दिवस पडून राहिलं तर बेअरिंग गंजतात आणि ते सहा महिन्यांनी कळतं. सिलिंडर हेडवरचा रंग भाजल्यासारखा सुटलेला असेल तर पाणी फिरायचे मार्ग मिठाने चोंदलेत.

मग खालचा भाग. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेलंय आणि पाणी शिरतंय. सील स्वस्त असतं, पण किती दिवस तसं चाललंय ते माहीत नसतं, गिअरचे दात खाल्लेले असू शकतात. पंखा हाताने फिरवा, शाफ्ट वाकडा असेल तर पंखा डुलतो. पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन गुंडाळलेला आढळला तर सील कशामुळे गेलं तेही कळेल. झिंकचे तुकडे बघा, अर्ध्याहून जास्त खाल्ले असतील तर बदलायचे, आणि त्यावर कोणी रंग मारला असेल तर त्याने मशीनची काळजी घेतलेली नाही, कारण रंग मारलेलं झिंक काहीच काम करत नाही आणि मग झिंकऐवजी मशीनचंच अॅल्युमिनियम झिजतं.

चालू केल्यावर मागून पाण्याची पिचकारी जोरात आली पाहिजे. नाही आली तर लगेच बंद करा. बहुतेक वेळा इम्पेलर असतो, रबराचा छोटा पंखा, तो तसाही दर वर्षी बदलायची वस्तू आहे. ड्रममध्ये चालवून दाखवलं म्हणजे टेस्ट झाली असं समजू नका. होडीला लावा, दोन माणसं बसवा, वीस मिनिटं खाडीत चालवा, पुढे, मागे, न्यूट्रल. फुल थ्रॉटलला होडी न ओढता नुसता आवाज वाढत असेल तर पंख्यातलं रबर घसरतंय. १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ, त्यात समुद्रात ट्रायल होणार नाही, म्हणून जूनमध्ये मशीन घेत असाल तर सरळ लिहून घ्या की ऑगस्टमध्ये पाण्यात चाललं तर उरलेले पैसे.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): रॉकेलवर चालणारं मशीन स्वस्तात मिळतंय. घ्यावं का? आणि फोर स्ट्रोकबद्दल काय मत?

उत्तर: रॉकेलचं मशीन वाईट नसतं, केरळात त्याच्यावर हजारो होड्या चालतात. पण तुम्हाला नियमित रॉकेल कुठून, कोणत्या भावाने मिळणार ते आधी बघा, त्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. चालवायची शिस्त पण वेगळी, पेट्रोलवर चालू करायचं, गरम झालं की रॉकेलवर टाकायचं आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणून कार्ब्युरेटरमधलं रॉकेल संपवायचं. हे विसरलात की दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी ओढत बसाल. पेट्रोलच्या मशीनमध्ये रॉकेल मिसळून चालवू नका, त्याचं कॉम्प्रेशन त्यासाठी नसतं, पिस्टन फुटतो.

फोर स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, टू स्ट्रोकच्या तुलनेत ढोबळ पाऊण हिस्सा किंवा त्याहून कमी, ऑइल मिसळायचं नाही, आवाज कमी. रोज लांब जाणाऱ्याला दोन तीन सीझनमध्ये फरक वसूल होतो. पण ते जड असतं, वाळूवर कसंही आडवं टाकलं तर ऑइल सिलिंडरमध्ये जातं, आणि तुमच्या बंदरात ते उघडणारा माणूस पाहिजे. जुनं फोर स्ट्रोक घेताना जपून, ऑइल वेळेवर न बदललेलं मशीन बाहेरून कळत नाही. जुन्यात टू स्ट्रोक, नव्यात फोर स्ट्रोक, हे माझं मत. ऑइल मात्र टीसी डब्ल्यू ३ मार्कचंच, मशीनच्या पुस्तकात जे प्रमाण दिलंय तेच, स्कूटरचं ऑइल टाकू नका.

प्रश्न (दाभोळ खाडीतून): १६ फुटी होडीला ८ चं मशीन लावलं, पण लाटेवर पंखा हवेत येऊन मशीन किंचाळतं. पंखा बदलू का?

उत्तर: पंख्याला हात लावू नका, आधी टेप आणा. मशीनची टांग दोन मापांत सर्रास मिळते, छोटी १५ इंच आणि लांब २० इंच. ट्रान्समच्या वरच्या काठापासून तळापर्यंत उंची मोजा. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पाटी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला पाहिजे. तुमचा ट्रान्सम २० चा असणार आणि मशीन १५ चं, पत्रावरून तरी तसंच वाटतंय. ट्रान्समला मधोमध खाच कापून मशीन खाली घेता येतं, पण त्या खाचेतून मागची लाट आत येते, उघड्या होडीला ते धोक्याचं. मशीन बदलून घेता आलं तर तेच करा.

प्रश्न (मुरुडजवळून एक काका): मुलगा पहिल्यांदा स्वतःची होडी घेऊन जाणार. २० फुटी, जुनी. होडी, मशीन सगळं बघून झालं. मला रात्री झोप येत नाही. अजून काय बघू?

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

सतरा अठरा वर्षांपूर्वी आमची होडी खडपाजवळ एका लाटेत भरली. उलटली नाही, नुसती भरली, आणि मागून सरळ खाली गेली, नाळ फूटभर पाण्यावर उभी राहिली, आम्ही तिघं तिला धरून अडीच तास. बाकांखाली फोम आहे असं सांगून ती आम्हाला विकलेली. नंतर वर काढून कापली तर दोन बाकांखाली काहीच नव्हतं आणि तिसऱ्याखालचा फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसलेला. त्या दिवसापासून माझ्या हातून जी होडी दुरुस्त होऊन जाते तिच्यात मी हे बघितल्याशिवाय सोडत नाही.

लाकडाची होडी भरली तरी तरंगते, फायबर तरंगत नाही, ते पाण्यापेक्षा दीडपट जड. पण हिशोब सोपा आहे. फायबर पाण्यात बुडालं की त्याचं वजन एक तृतीयांश उरतं. ४०० किलोची होडी असेल तर १३५ किलो. मशीन ४० किलोचं असेल तर बुडाल्यावर साधारण ३० धरा. नांगर, साखळी, जाळ्याचं शिसं मिळून २५. जाळ्याचा नायलॉन जवळजवळ काहीच नाही. काठ धरून पाण्यात राहणारी तीन माणसं, होडीवर भार प्रत्येकी दहा किलो. झाले २२०. एक लिटर बंद हवा एक किलो उचलते, म्हणजे २२० लिटर, थोडं जास्त धरून २५० लिटर पाहिजे. २० लिटरचे झाकण घट्ट बसणारे प्लास्टिकचे कॅन तेरा. एवढाच खर्च आहे.

ते कुठे बसवायचे हे महत्त्वाचं. तळाला फळीखाली नको, भरलेली होडी मग उलटी होते. बाकांखाली, पण दोन्ही बाजूंना काठाच्या जवळ, जितके वर जातील तितके, आणि तीन चार तरी मागे मशीनजवळ, नाहीतर आमच्यासारखी उभी राहील. पट्ट्या आणि जाळ्याच्या तुकड्याने असे बांधा की पाण्याने वर ढकलले तरी सुटणार नाहीत. थर्माकोल वापरू नका, पेट्रोल सांडलं की विरघळतो. जुना फोम असेल तर एका कोपऱ्यात भोक पाडून बोट घाला, ओलं लागलं तर काढून टाका.

लाइफ जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेलं नको, अंगावर. मशीनची किल कॉर्ड मनगटाला, माणूस पडला तर मशीन थांबेल, नाहीतर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. एक जोडी वल्ही, पाणी उपसायला बादली दोरीने बांधलेली, नांगराला लांब दोर. फोन वॉटरप्रूफ पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आधीच सेव्ह केलेला. व्हीएचएफ रेडिओ घेता आला तर मदतीसाठी चॅनेल १६. आणि भरलेल्या होडीचा काठ मधोमध पाण्यापासून हातभर वर राहिला पाहिजे, त्याच्या खाली गेला तर मासळी कितीही असो, थांबायचं, हे मुलाला तुमच्या तोंडून सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल.

आणि नारळी पौर्णिमेच्या आधी भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा एक दिवस बघून, ओढ कमी असते तेव्हा, खाडीत छातीभर पाण्यात होडी न्या. मशीन काढून ठेवा, त्या जागी ३५ किलो लोखंड बांधा, नांगर वगैरे आतच ठेवा आणि बादलीने पाणी ओतून होडी काठोकाठ भरा. दोघं तिघं काठाला लटका. सपाट तरंगली तर झालं. मागून बसली तर दोन कॅन पुढचे काढून मागे बांधा आणि परत भरा. एका बाजूला कलली तर त्याच, खाली गेलेल्या बाजूचा एखादा कॅन गळका असणार, तो शोधा. मुलाला पण सोबत घ्या, भरलेली होडी पाण्यात कशी वागते ते त्याला तिथेच हाताने कळू दे, काठाला धरून पाणी कसं उपसायचं ते पण तिथेच करून बघू दे.